मेहुण्याचं कोरं पान

मामांच्या घरी तूप वाढायची एक रीत होती, आणि ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी मामांच्या पानात, मग त्यांच्या दोन्ही मुलांच्या पानांत, आणि मग तुपाचं भांडं फडताळात. पुरुषांची जेवणं आटोपून मामी, आई आणि मी बसायच्या वेळी भाताला लावायला उरायचं ते ताक. आई काही मागत नसे. पण मागितलं नाही तरी मामा हात धुऊन आले की रोज म्हणायचे, ''बायकांना तूप सोसत नाही, गोदे. पित्त होतं.'' आणि उपरण्याच्या शेवानं तोंड पुसायचे. हात धुतलेला, चूळ भरलेली, तोंडाला काही लागलेलं नाही, तरी पुसायचे. माझ्या आईला उभ्या जन्मात पित्त कधी झालं नाही. झालंच असेल तर या वाक्यानं झालं असेल.

गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर मामांचं बिऱ्हाड होतं. पुढची मोठी खोली, मधली अंधारी, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. पहाटे वारं इकडचं असलं की परळकडच्या गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, मग हमरस्त्यावर घोड्यांच्या ट्रामची घंटा, मग खालच्या चौकात पाणी भरणाऱ्या बायकांची भांडणं. प्लेग मुंबईत यायच्या आधीची ही गोष्ट. माणसं तेव्हा एकमेकांच्या दारात निवांत बसत, आणि कोणाच्या घरात काय शिजलं ते सगळ्या वाडीला ठाऊक असे. मामांच्या घरात काय शिजतं तेही ठाऊक होतं. त्यांना तोंडावर सांगायची छाती मात्र कोणाची नव्हती, कारण वाडीतली निम्मी मुलं मामांच्या वर्गाला यायची.

आम्ही तिथे कशा आलो ते सांगते. माझे वडील, त्यांना मी तात्या म्हणायची, संस्कृतचे शास्त्री होते. दोन वाड्या पलीकडे आमचं एका खोलीचं बिऱ्हाड. शाळेतली नोकरी आटोपली की संध्याकाळी तात्यांपुढे विद्यार्थी येऊन बसत, आणि तात्या त्यांना जुनी नाटकं समजावून सांगत. त्यांची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. श्लोक फोडून अर्थ सांगणारे शास्त्री पैशाला पासरी होते. तात्या म्हणायचे, ''अर्थ कोशात सापडेल रे, माणूस नाही सापडायचा. पात्र कळायला हवं असेल तर त्याला आपल्या पंगतीला बसवा. तो आधी काय उचलतो, कोणाच्या पानाकडे बघतो, वाढणारीला काय म्हणतो, ते बघा. मग श्लोक वाचा.'' मुलं हसायची. पण एकदा का पात्र पंगतीत बसलं की ते मुलं जन्मात विसरायची नाहीत. मी आठ-नऊ वर्षांची असेन, दाराआड बसून ऐकायची. पुढे तात्यांनीच मला पुढ्यात घेतलं आणि बोरू हातात दिला. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं निघालं, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! आईलाही त्यांनी वाचायला शिकवलं होतं, पण हळूच, कोणाला न सांगता. बायकोला शिकवतो म्हणून नावं ठेवणारे तेव्हा घरोघर होते.

त्यांचं लाडकं एक नाटक होतं. त्याचं नाव मी इथे घालत नाही. अजून ते मुलांना नेमलं जातं, आणि माझ्यामुळे मास्तरांना घाम फुटायला नको. गोष्ट साधी आहे. एक भोळा राजा मोहिमेवर जातो. जाताना राज्य बायकोच्या भावाकडे, म्हणजे मेहुण्याकडे, सांभाळायला देतो. राजा परत येतो तो फाटक्या कपड्यांनी, एकटा, आणि पाचव्या अंकात मेहुणा त्याला ओळखच दाखवत नाही. मधे राणी आहे, विदूषक आहे, एक म्हातारा सेनापती आहे. या सगळ्यांची टिपणं तात्यांनी खारव्याच्या लाल कापडात बांधलेल्या एका वहीत करून ठेवली होती. राजा पंगतीत बसला तर स्वतःचं पान विसरून शेजाऱ्याला काय हवं ते बघेल, म्हणून तो फसतो. विदूषक लाडवांचं बोलतो फार, पण खातो थोडं. राणी जेवायला बसतच नाही, सगळ्यांचं होईपर्यंत दाराशी उभी असते, म्हणून घरात काय चाललंय ते तिला एकटीला कळतं. प्रत्येक टिपणाखाली तात्या लिहायचे, ''जिज्ञासूंनी अमुक अंक पाहावा.'' एकच पान राहिलं होतं. वर ''मेहुणा'' एवढा शब्द, आणि खाली कोरं. आईनं एकदा विचारलं, ''सगळे झाले, मेहुण्याचंच का राहिलं?'' तेव्हा तात्या म्हणाले होते, ''बघतोय अजून.'' तिचा भाऊ त्या दिवसांत आमच्याकडे बराच जेवायला असायचा.

तात्या तीन दिवसांच्या तापात गेले. तेराव्याला मामा आले, आमचं सामान बघितलं, भांडी बघितली, आणि ती वही हातात घेऊन उभ्या उभ्याच चाळली. तीन वेळा खाकरले. उपरण्याच्या शेवानं तोंड पुसलं. म्हणाले, ''गोदे, हे असं पडून राहता कामा नये. आपण हे छापू. मुलांच्या उपयोगी पडेल. शास्त्रीबुवांचं नाव पहिल्या पानावर घालू. आम्ही काय, निमित्तमात्र.'' आईनं तेरा दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. तिला दुसरं काही नको होतं हो. नवरा गेला, घर गेलं, कपाळ गेलं. ते नाव तेवढं राहावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि माझ्याही. त्याच संध्याकाळी मामांनी आम्हाला आपल्या बिऱ्हाडी नेलं.

मामा स्वतः संस्कृत शिकवायचे, पण त्यांचं संस्कृत म्हणजे नुसती घोकंपट्टी. वर्गाला बसले की मुलांना आळीपाळीनं मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि स्वतः अडकित्त्यानं सुपारी कातरत डुलक्या काढायचे. तात्यांची वही हाती आल्यावर वर्गाला बरकत आली. मामा वहीतलं एक पान मला देत, मी ते मुलांसाठी उतरवून काढी, मुलं ते पाठ करत. ''मास्तरांचं विवेचन फार मार्मिक हो!'' असं आईबाप म्हणू लागले. मी स्वयंपाकघरात चिंच कोळत असे आणि पुढच्या खोलीतून माझ्या बापाची वाक्यं वीस तोंडांनी ऐकू येत. आधी आधी बरं वाटायचं. मग एकदा कोणीतरी विचारलं, ''मास्तर, ही पंगतीची युक्ती आपल्याला सुचली कशी?'' आणि मामा खाकरून म्हणाले, ''आम्ही काय, निमित्तमात्र. चिंतनातून आली.'' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईनं माझ्या हातातलं चिंचेचं भांडं काढून घेतलं, नाहीतर ते मी फेकलंच असतं.

पुढे छपाईचं निघालं. खिळ्यांचा छापखाना महाग म्हणून शेजारच्या गल्लीतल्या शिळाछापाकडे द्यायचं ठरलं. आजच्या मुलांना ही छपाई माहीत नाही. खळ लावलेल्या पिवळट कागदावर मेणचट शाईनं आपण हातानं सगळं लिहून द्यायचं. तो कागद दगडावर पालथा घालून दाबला की अक्षर दगडावर उतरतं आणि त्यावरून प्रती निघतात. म्हणजे आपण लिहू तेच छापलं जाणार, मधे कोणी खिळे जुळवणारा जुळारी नाही, कोणी तपासणारा नाही. आणि कागदाला तेलाचं बोट लागलं तर ते बोटसुद्धा छापून येणार! म्हणून लिहायला बसण्याआधी मी राखेनं हात घासायची, केसांना तेल लावायची नाही, मनगटाखाली कोरा कागद धरायची. मी तेव्हा चौदाची. लग्न झालेलं होतं, सासर पेणला, आणि पाठवणी व्हायची होती. मामांनी ती ''पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात'' करत लांबवली. मला वाटायचं, माया असेल थोडी. कसली माया! पेणला गेले असते तर हे लिहिलं कुणी असतं?

दोन महिने रोज दुपारी, मामा शाळेत गेले की, मी मधल्या खोलीच्या खिडकीशी बसून लिहीत होते. कमरेचा काटा ढिला व्हायचा. पण मला त्याचं काही नव्हतं, कारण प्रत्येक ओळ तात्यांची होती, आणि लिहिताना ते शेजारी बसून सांगताहेत असं वाटायचं. शेवटच्या दिवशी मामा लवकर घरी आले, माझ्यासमोर पाट घेऊन बसले आणि म्हणाले, ''आता पहिलं पान घे.'' मी बोरू नवा तासला. मनात म्हटलं, तात्यांचं नाव जाड घालीन, वेलबुट्टी काढीन. मामांनी सांगायला सुरुवात केली. अनेक वर्षांच्या अध्यापनाचे फळ. विद्यार्थ्यांच्या हिताकरिता रचिले. आणि मग स्वतःचं नाव, स्वतःच्या बापाचं नाव, आडनाव. तिथे थांबले.

मी विचारलं, ''आणि तात्यांचं नाव?''

मामांनी तोंड पुसलं. ''असं बघ द्वारके, शास्त्रीबुवा गेले. मेलेल्या माणसाला कोणी शंका विचारायला जातं का? मुलांना जिवंत मास्तर लागतो. शिवाय वही होती ती नुसती कच्ची. तिला रूप कोणी दिलं?''

''मी दिलं,'' मी म्हणाले. तोंडातून गेलं खरं.

मामा हसले. माझ्या डोक्यावर टपली मारली. ''अक्षर दिलंस गं, अक्षर! तेवढ्यानं काय होतंय? आणि हो, ते मेहुण्याचं पान कोरं आहे ना? तूच घाल दोन-चार ओळी खरडून त्या धर्तीवर. दुष्ट पात्र आहे, त्याचं काय एवढं. पंगतीबिंगतीचं काहीतरी घाल. उद्या सकाळी कागद न्यायचेत.'' एवढं बोलून ते पुढच्या खोलीत वर्गाला गेले, आणि माझ्या स्वतःच्या हातानं, माझ्या सुंदर अक्षरात, माझ्या बापाच्या पुस्तकावर त्यांचं नाव मी लिहून पुरं केलं. हात कापला नाही. शाई सांडली नाही. आज इतक्या वर्षांनीही ते पान आठवलं की माझी मूठ वळते.

त्याच क्षणी मी डूख धरला. चौदा वर्षांच्या पोरीला सूड म्हणजे काय कळतं, असं कोणी म्हणेल. चांगलं कळतं! म्हातारपणी विसरायला होतं, त्या वयात नाही होत. मी मेहुण्याचा कागद पुढे ओढला. पुढच्या खोलीतून मुलांचा आवाज येत होता, अडकित्ता वाजत होता. तात्यांची युक्ती मला पाठ होती, आणि मेहुणा तर वर्षभर माझ्यासमोर रोज पंगतीत बसत होता. काही रचावं लागलं नाही. मी लिहिलं ते मला आजही अक्षर न् अक्षर येतं:

''मेहुणा पंगतीस बसला असता प्रथम आपल्या पानातील तूप पाहतो, व मग बायकांस तूप सोसत नाही असे सांगतो. दुसऱ्याची वस्तू आपली करण्यापूर्वी हा उपरण्याच्या शेवाने तोंड पुसतो. तोंडास काही लागलेले नसते. कोणी प्रशंसा केली असता तीन वेळा खाकरून म्हणतो, 'आम्ही काय, निमित्तमात्र.' बहिणीचे घर बुडाले म्हणजे तिला आश्रय देतो, व तो आश्रय तिला रोज दाखवितो. राजाचे राज्य याने जिंकले नाही. सांभाळावयास घेतले, आणि परत करावयाचे विसरला. जिज्ञासूंनी पाचवा अंक पाहावा.''

शाई वाळत होती तेवढ्यात आई आली. कढी फोडणीला टाकून आली होती, हात तसाच. तिनं कागद उचलला आणि खिडकीकडे धरला. मी ओरडले, ''आई, हात!'' तिचा अंगठा समासात चांगला उमटला होता, तेलाचा. नेमानं ते पान मला पुन्हा लिहायला हवं होतं. आई बराच वेळ कागद धरून उभी होती. ती पाठमोरी होती, तिचे ओठ हलत होते का ते मला दिसलं नाही. मग तिनं तो खाली ठेवला आणि म्हणाली, ''राहू दे. तसाच जाऊ दे.'' आणि आत जाऊन कढीत मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी मामांनी कागद नुसते हातात तोलले, पहिलं पान तेवढं कौतुकानं बघितलं, आणि गठ्ठा छापखान्यात नेऊन टाकला.

पुस्तक आलं, मुलांच्या हातात गेलं. मी जीव मुठीत धरून बसले होते, की आज मामा वाचतील, उद्या वाचतील. अहो, कसले वाचतात! मुलांनी मात्र पहिल्याच दिवशी वाचलं. पुढच्या खोलीत मेहुण्याचं पान आलं की वाचणाऱ्याचा आवाज चिरकायचा, बाकीचे खोकायला लागायचे, आणि मामा डुलकीतून डोळे उघडून म्हणायचे, ''खोकता काय रे? ताप आहे का? पुढे वाच.'' आई चुलीशी भाकरी थापत असायची. तिची पाठ हलायची. मला वाटायचं रडते आहे. एकदा जवळ जाऊन बघितलं तर पदर तोंडात कोंबून हसत होती. तात्या गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती.

वाडीतल्या वाचनालयाचा वर्षाचा समारंभ आला. त्यात विद्यार्थ्यांची भाषणं असत, ''अमुक नाटकातील एक पात्र'' असा विषय. या वर्षी मामांना मोठी आशा होती. वाचनालयाची मंडळी नवी शाळा काढणार होती, संस्कृतचे मुख्य शिक्षक नेमायचे होते, आणि अध्यक्ष म्हणून एक नामांकित वकील येणार होते ज्यांच्या शब्दावर ती नेमणूक होती. मामांनी आठ दिवस आधी उपरणं इस्त्रीला दिलं. बोलायला शिवराम नावाचा उंच, हडकुळा विद्यार्थी निवडला. कोणतं पात्र घेतोस म्हणून विचारलं तर तो म्हणाला, ''मास्तर, मेहुणा. तोच मला नीट समजलाय.'' मामा म्हणाले, ''घे, घे. पुस्तकातलं जसंच्या तसं म्हण. पदरचं घालू नकोस.'' हा शिवराम पूर्वी तात्यांचा विद्यार्थी होता. मामा ते विसरले होते. तो विसरला नव्हता.

आम्ही बायका वर सज्ज्यात, बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड. आई यायला तयार नव्हती, मीच ओढून नेलं. खाली दिवाणखाना गच्च. मामा पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या उजव्या हाताला. शिवराम उठला आणि घडाघडा म्हणू लागला. कुठे चुकला नाही, कुठे हसला नाही. तुपापाशी मागच्या बाकावर कोणी खुसखुसलं. उपरण्यापाशी लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. मामांना काही पत्ता नाही. आपलं पुस्तक एवढ्या सभेत म्हटलं जातंय या आनंदात ते मान डोलवत होते, मधेमधे अध्यक्षांकडे बघत होते. ऐकत कुठे होते? त्यांनी शिकवताना तरी कधी ऐकलं होतं? माझा हात आईच्या हातात होता, आणि तिनं तो इतका घट्ट धरला होता की माझी बांगडी मलाच रुतली.

शिवराम बसला. अध्यक्ष उठले. ते बाहेरचे, त्यांना मामांच्या सवयी कुठल्या माहीत? ते अगदी मनापासून म्हणाले, ''एका दुर्जनाचं इतकं जिवंत चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ज्या गुरूंनी हे लिहिलं त्यांची दृष्टी धन्य होय. मास्तर, आपण दोन शब्द बोलावेत.'' मामा उभे राहिले. मला वाटतं त्या दिवाणखान्यात श्वास घेणारे तेव्हा एकटे मामाच असतील. ते खाकरले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मग हात आपोआप वर गेला, आणि इस्त्री केलेल्या उपरण्याच्या शेवानं त्यांनी आपलं कोरडं तोंड पुसलं. आणि म्हणाले, ''आम्ही काय, निमित्तमात्र.''

काय सांगू तुम्हाला! छप्पर उडालं. म्हातारे हसले, पोरं बाकांवर हात आपटून हसली, सज्ज्यातल्या बायकांनी चिकाचा पडदा धरून हसता हसता तो एका बाजूनं खाली आणला. अध्यक्षांना आधी काही कळेना. मग त्यांनी शिवरामकडे बघितलं, मामांकडे बघितलं, हातातलं पुस्तक उघडलं, आणि त्यांनाही कळलं. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. ते बघून मामांच्या तोंडचं पाणी पळालं. उपरण्याचा शेव तसाच ओठांशी धरलेला, आणि तो खाली सोडावा का वर ठेवावा हे त्यांना कळेना. तो चेहरा मी पोटभर पाहून घेतला. मला दया आली नाही. आजही येत नाही.

घरी आल्यावर मामांनी दार लावलं आणि ते पान आमच्यापुढे धरलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते वाचलं होतं. ''हे असं लिहायला कोणी शिकवलं तुला, द्वारके?'' मामी भिंतीशी उभी. मामांचं बोट समासावर गेलं. ''आणि हा अंगठा कोणाचा?''

''माझा,'' आई म्हणाली. ''फोडणीचा हात लागला, दादा.''

''म्हणजे तू बघितलं होतंस?''

''वाचलं होतं. मग पाठवलं.''

''तुला वाचता येतं?''

''मेहुण्याचं वाचण्यापुरतं येतं,'' आई म्हणाली. ती मोठ्यानं बोलली नाही. पानं घ्यायची का असं विचारावं तशी बोलली.

मामांनी हात उगारला नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत त्यांनी तात्यांची वही घातली. एकेक पान फाडून, राजा, राणी, विदूषक, सेनापती. मी धावले तर मला मामीनं धरलं, आणि धरून स्वतःच रडू लागली. आईनं मात्र सरळ चुलीत हात घातला. तिच्या हाती एकच पान लागलं. मेहुण्याचं. वर तात्यांच्या अक्षरातला एक शब्द आणि खाली कोरं. चार बोटं भाजली, महिनाभर तिला पीठ मळता आलं नाही. मी सूड घेतला तो गोड लागला, खोटं कशाला बोलू? पण त्याची किंमत तात्यांच्या वहीनं भरली. त्या सकाळचा जळक्या कागदाचा वास आला की मी अजूनही खोलीबाहेर जाते.

आठ दिवसांत माझी पाठवणी झाली. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करणाऱ्या मामांना एकाएकी माझ्या संसाराची काळजी वाटू लागली! भाऊच्या धक्क्यावरून धरमतरच्या बोटीत मला बसवलं तेव्हा आई हाताला फडकं बांधून उभी होती. ती त्याच घरात राहिली, अकरा वर्षं. जाणार कुठे? पण मामांना नवी शाळा मिळाली नाही. वाडीत शिरले की चौकातली पोरं नुसतं खाकरायची, तीनदा. मागून कोणीतरी म्हणायचं, ''मेहुणे आले.'' त्यांनी उपरणं वापरायचं सोडलं, खुंटीला ते पिवळं पडलं. आणि मी पहिल्या सणाला माहेरी आले तेव्हा बघितलं, आम्ही बायका जेवायला बसलो, मामीनं फडताळ उघडलं, आणि आईच्या पानात तूप वाढलं. मामा दारातून बघत होते. त्यांचा हात तोंडाकडे गेला आणि मधेच थांबला. आई भात कालवून खाली मान घालून जेवली. सावकाश जेवली, पान चाटून पुसून.

हे सगळं इतकं तपशिलानं लिहायचं कारण परवा घडलं. माझी नात निर्मला कॉलेजात जाते. आता आम्ही दादरला राहतो. ती टेबलाशी बसून ओठ चावत होती. म्हणाली, ''आजी, तुला संस्कृत येतं ना? हे नाटक नेमलंय आम्हाला. या गाईडमध्ये लिहिलंय की मेहुणा दुसऱ्याची वस्तू घेण्याआधी उपरण्यानं तोंड पुसतो, जिज्ञासूंनी पाचवा अंक पाहावा. मी पाचवा अंक तीनदा वाचला. कुठे उपरणंच नाही!''

मी चष्मा लावून पुस्तक हातात घेतलं. छान छापलेलं, वर कोणा प्राध्यापकाचं नाव. त्यानं दुसऱ्या कोणाचं उचललं असेल, त्यानं तिसऱ्याचं. आत राजा होता, शेजाऱ्याच्या पानाकडे बघणारा. राणी दाराशी उभी होती. लाडवांचं बोलून थोडं खाणारा विदूषक होता. वही जळून पन्नास वर्षं होत आली आणि तात्यांची वाक्यं तिथे धडधाकट बसली होती. मला हसू येत होतं की रडू ते निर्मलाला कळेना. मलाही कळेना. मी ट्रंकेतून ते कोरं पान काढून तिच्यापुढे ठेवलं, कडा करपलेलं. तिला सगळं सांगितलं. मग तिची पेन्सिल घेतली, प्राध्यापकांच्या नावावर आडवी रेघ मारली, आणि वर माझ्या बापाचं नाव लिहिलं. हात आता कापतो, पण अक्षर अजून वाईट नाही. केशवशास्त्री. जाड लिहिलं. वेलबुट्टी काढली.

निर्मलानं पानं उलटली. ''म्हणजे हे सगळं पणजोबांचं. आणि मेहुणा तुझा.'' तिनं ते करपलेलं पान पुन्हा उचललं. ''मग आजी, यात तुझ्या मामांचं काय गं?''

''उपरणं,'' मी म्हटलं.